मिनेसोटातल्या छोट्या शहरात स्नोमोबाइलची तक्रार: नियम, कागदपत्रं आणि अर्ज

डिसेंबरात सकाळी पावणेसातला आमच्याकडे मिट्ट काळोख असतो. मुलं कोपऱ्यावर स्कूलबसची वाट बघत उभी असतात आणि त्यांच्या पायाशी, फुटपाथवरच्या ताज्या बर्फात, स्कीच्या दोन रेघा आणि मधे रबरी पट्ट्याचा रुंद ठसा. रात्रीतून कुणीतरी नेमकी तिथूनच स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरून धावणारी गाडी, नेलेली. ते बघून पोटात गोळा येतो. नोकरीसाठी इथे येऊन छोट्या शहरांत स्थिरावलेली आपली बरीच कुटुंबं अशा वेळी गप्प बसतात. त्यांनी बसू नये, म्हणून हे लिहितेय.

आधी बेकायदेशीर काय ते नीट समजून घ्या, कारण पुष्कळ तक्रारी इथेच फसतात. हायवेलगतच्या चरीत, म्हणजे तिच्या तळातून किंवा रस्त्यापासून लांबच्या उतारावरून, स्नोमोबाइल चालवायला एरवी परवानगी असते. मुख्य रस्ता, शोल्डर (रस्त्याच्या कडेची पट्टी) आणि चरीचा रस्त्याकडचा उतार मात्र वर्ज्य. अंधार पडल्यावर शेजारच्या लेनमधली वाहनं ज्या दिशेने जातात, त्याच दिशेने जायचं. रस्ता काटकोनात ओलांडायचा, आणि तोही आधी पूर्ण थांबून. सार्वजनिक जमिनीवर आणि गोठलेल्या तळ्यांवर वेगमर्यादा ताशी ५० मैल. सायलेन्सर काढून आवाज वाढवणंही नियमाविरुद्धच.

शहरातल्या गल्ल्यांचे नियम सिटी, म्हणजे शहराचं प्रशासन, ठरवते. घरापासून ट्रेलपर्यंत, म्हणजे स्नोमोबाइलसाठी आखलेल्या वाटेपर्यंत, कुठल्या रस्त्याने जायचं, रात्री किती वाजेपर्यंत, किती वेगाने, हे सिटी कोडमध्ये (शहराच्या नियमावलीत) सापडतं. नाही सापडलं तर सिटी क्लार्कला विचारा. मात्र चालकाकडे कारचं लायसन्स असलंच पाहिजे, असा नियम सिटीला करता येत नाही. राज्याचा कायदाच तसा आहे. निवेदनात ती मागणी घालून वेळ घालवू नका.

चालवायला पात्र कोण? १९७६ नंतर जन्मलेल्या मिनेसोटावासीयाला स्नोमोबाइल सेफ्टी सर्टिफिकेट लागतं. कोर्स अकराव्या वर्षी करता येतो, सर्टिफिकेट बाराव्या वर्षापासून लागू होतं. सोळा आणि त्यापुढच्यांना ऑनलाइन कोर्स पुरतो. लहानांना प्रत्यक्ष गाडीवरचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. सार्वजनिक जागी अठराच्या आतल्यांना हेल्मेट सक्तीचं आहे. आपल्यातलं कुणी जुनी गाडी घेत असेल, तर विक्रीची पावती, आधीच्या मालकाचं नोंदणीकार्ड आणि गाडीचा सीरियल नंबर घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नोंदणी डीएनआरकडे, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाकडे होते. कारची नोंदणी करणाऱ्या डेप्युटी रजिस्ट्रारच्या ऑफिसातही ती करता येते. स्टिकर गाडीच्या दोन्ही बाजूंना लावायचा.

आता तक्रार. त्या क्षणी कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा चालक दारू प्यालेला वाटत असेल, तर सरळ ९११. यात भीड नको. २०१८ च्या जानेवारीत एका गोठलेल्या तळ्यावर आठ वर्षांचा मुलगा अशाच नशेतल्या स्नोमोबाइल चालकामुळे गेला. त्यानंतर कायदा बदलला, आणि स्नोमोबाइलवर नशेत सापडलेल्याचं कार चालवणंही बंद होऊ लागलं.

एरवी पोलिसांच्या किंवा शेरीफच्या साध्या नंबरवर फोन करा. डीएनआरचे कॉन्झर्व्हेशन ऑफिसरही कारवाई करू शकतात, पण एकेकाच्या वाट्याला शेकडो चौरस मैलांचा भाग असतो. फोन केल्यावर लगेच कुणी येईल असं नाही. म्हणून आपली नोंद पक्की हवी: तारीख, वेळ, कुठल्या दोन रस्त्यांचा चौक, कुठल्या दिशेने गेली, गाडीचा रंग, ठशांचा फोटो. फोटोत फुटपाथ किंवा रस्त्याची पाटी आली पाहिजे, नुसता बर्फ नको. पाठलाग करू नका. दोन-तीन आठवड्यांच्या अशा नोंदींत ठरावीक वार आणि वेळ दिसली, तर गस्त कधी घालायची हे पोलिसांना कळतं. ‘फार त्रास होतो हो’ एवढ्याने काही हलत नाही.

सिटी कौन्सिलपुढे जायचं असेल तर आधी डेटा प्रॅक्टिसेस कायद्याखाली (हा राज्याचा माहिती अधिकाराचा कायदा) पोलिसांकडे माहिती मागा: आपल्या भागातून गेल्या हिवाळ्यात स्नोमोबाइलबद्दल किती कॉल आले, त्यांचं पुढे काय झालं. सार्वजनिक माहिती मागताना कारण सांगावं लागत नाही, आणि ती नुसती बघायला फी नाही. मग क्लार्ककडे लेखी निवेदन द्या आणि कौन्सिलच्या बैठकीत नागरिकांसाठी ठेवलेल्या वेळेत बोला. मिनिटं मोजकीच मिळतात, त्यामुळे एकच मागणी ठेवा. उदाहरणार्थ, शाळेच्या रस्त्यावरून जाणारा मार्ग बदला. नाव-पत्ता विचारतील. बोलायला अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही. एच-वन किंवा ग्रीन कार्डवाल्यांनीही निर्धास्त जावं.

जाण्याआधी जवळच्या स्नोमोबाइल क्लबशी जरूर बोला. ट्रेल राखतात ते याच क्लबचे स्वयंसेवक, आणि बरेच ट्रेल शेतकऱ्यांच्या जमिनीतून त्यांच्या मर्जीवर जातात. चार बेपर्वा पोरांमुळे एखाद्याने वाट बंद केली तर नुकसान क्लबचंच, त्यामुळे मार्गावर पाट्या लावायला ते बहुधा आपणहून तयार होतात.

नवा ऑर्डिनन्स (शहराचा नियम) मंजूर करायचा, मग अधिकृत वर्तमानपत्रात छापायचा, यात वेळ जातो. ट्रेल १ डिसेंबरला उघडतात. निवेदन सप्टेंबरातच द्या.