टेंडर (निविदा)

रीतसर पुढे करणे, देऊ करणे या अर्थाचा इंग्रजी शब्द. मूळ लॅटिन 'तेंदेरे' म्हणजे ताणणे, पसरणे. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. साध्यासुध्या देण्याला तो जड पडतो. पाहुण्याला चहा 'ऑफर' होतो, राजीनामा 'टेंडर' करतात. मराठीत तिथे 'सादर करणे' म्हणतात. नाजूक या अर्थाचा 'टेंडर' वेगळ्या लॅटिन शब्दावरून, 'तेनेर'वरून आला. वाफेच्या इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा 'टेंडर' 'अटेंड'वरून आला, आणि त्याच्या मुळाशी मात्र 'तेंदेरे'च आहे.

मराठीत हा शब्द रुळला तो ठेक्यांमुळे. 'पालिकेने टेंडर काढले' असे आपण सर्रास म्हणतो, पण काटेकोर पाहिले तर टेंडर ठेकेदाराचे असते. वर्तमानपत्रातली जाहिरात हे केवळ आमंत्रण. दर भरून प्रस्ताव मांडतो तो ठेकेदार, आणि तो स्वीकारला गेला की करार होतो. जाहिरातीच्या तळाशी 'कोणतेही कारण न देता निविदा नाकारण्याचा अधिकार राखून ठेवला आहे' ही ओळ येते ती याच जोरावर. निविदेसोबत बयाणा रक्कम भरावी लागते. बहुधा आधी तांत्रिक लिफाफा उघडतात. त्यात पात्र ठरलेल्यांचाच आर्थिक लिफाफा उघडला जातो. ई-निविदेत कागदी पाकीट उरले नाही, 'लिफाफा' मात्र टिकला. ठेकेदारांच्या तोंडी अंदाजपत्रकापेक्षा कमी दर म्हणजे 'बिलो', जास्त म्हणजे 'अबव': 'काम वीस टक्के बिलोने गेलं.'

'निविदा' हा प्रतिशब्द मोठा समर्पक आहे. नि + विद् म्हणजे कळवणे, अर्पण करणे. निवेदन आणि नैवेद्य त्याच घरचे. फरक इतकाच, की देवापुढच्या नैवेद्याला बयाणा लागत नाही.

'लीगल टेंडर' म्हणजे देणे फेडताना कायद्याने ग्राह्य असलेले चलन. ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्रीपासून ५०० आणि १००० रुपयांच्या तेव्हाच्या नोटांची ही ग्राह्यता संपली. १९ मे २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने २००० ची नोट मागे घेण्याचे जाहीर केले. तिची ग्राह्यता मात्र कायम ठेवली. हा फरक दुकानदाराला पटवताना अनेकांच्या नाकी नऊ आले. चिल्लरीलाही मर्यादा आहे: नाणी अधिनियम, २०११ नुसार एक रुपया व त्यावरील नाणी एका वेळी १००० रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी ग्राह्य, आणि पन्नास पैसे दहा रुपयांपर्यंत.