न झालेली पाचवी बैठक : आयकॅनपूर्वीच्या १९९८ची पार्श्वभूमी

डोमेन नावांचा कारभार कोणी आणि कसा पाहायचा, यावर १९९८च्या जुलै-ऑगस्टमध्ये चार शहरांत खुल्या बैठका झाल्या. १ आणि २ जुलैला अमेरिकेत व्हर्जिनियातील रेस्टन, २४ आणि २५ जुलैला जिनिव्हा, ११ ते १३ ऑगस्टला सिंगापूर, २० आणि २१ ऑगस्टला ब्युनोस आयर्स. डोमेन नावांचा कारभार आज पाहते ती ना-नफा संस्था म्हणजे आयकॅन. तिच्या बैठकांची मोजणी मार्च १९९९मधल्या सिंगापूरपासून सुरू होते, त्यामुळे आधीच्या या मालिकेचा उल्लेख सहसा कुणी करत नाही. आयकॅनला अधिकार दिले कोणी, हा प्रश्न मात्र पुढची अठरा वर्षे या मालिकेपाशीच येऊन थांबत राहिला. त्यातही झालेल्या चार बैठकांपेक्षा पाचवी, जी झालीच नाही, ती जास्त महत्त्वाची आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात. रूटची, म्हणजे पत्त्याच्या शेवटी येणाऱ्या .कॉम, .इन अशा टोकांची, मूळ यादी कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत, जवळजवळ एकाच संगणकशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली असे. देशांचे कोड विश्वासावर दिले जात. .इन हा कोड १९८९मध्ये नोंदला गेला आणि तो मुंबईत, जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेने सांभाळला. इतर अनेक देशांतही ही जबाबदारी अशाच एखाद्या विद्यापीठाने किंवा संशोधन संस्थेने उचलली होती. १९९४च्या एका छोट्या टिपणात या व्यवस्थापकांना विश्वस्त म्हटले गेले. कोणता प्रदेश देश आहे आणि कोणता नाही, हे ठरवणे आपले काम नव्हे, त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकांची यादी आहे, असेही त्यात स्पष्ट लिहिले होते. इतका समजूतदार दस्तऐवज या क्षेत्रात पुन्हा क्वचितच लिहिला गेला.

१९९५च्या सप्टेंबरमध्ये .कॉमची नोंदणी करणाऱ्या कंपनीने दोन वर्षांसाठी १०० डॉलर शुल्क लावले आणि घरगुती कारभार संपला. मक्तेदारी मोडायची तर नवी टोके हवीत, म्हणून ती तयार करण्याच्या योजना पुढे आल्या. त्यांपैकी एका योजनेवर १ मे १९९७ रोजी जिनिव्हात सह्याही झाल्या. सात नवी टोके, स्पर्धेने चालणारे नोंदणीदार आणि कराराची मूळ प्रत संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघाकडे, अशी ती रचना होती. सदस्य देशांना न विचारता संघाच्या प्रमुखाने हे आयोजन केले, अशी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची तक्रार होती. युरोपीय आयोगही नाराज होता. दोन महिन्यांत अमेरिकी अध्यक्षांनी ही व्यवस्था खासगी क्षेत्राकडे सोपवण्याचे आदेश दिले आणि जिनिव्हाचा करार बाजूला पडला. जानेवारी १९९८च्या अखेरीस त्याच कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञाने ही यादी जगभर पुरवणारे रूट सर्व्हर जे चालवत त्यांना, यादी यापुढे माझ्या यंत्रावरून घ्या, असे सांगितले आणि आठ जणांनी ते ऐकले. वॉशिंग्टनमधून दबाव आल्यावर ही चाचणी होती असे सांगून बदल मागे घेण्यात आला. रूटची किल्ली नेमकी कोणाकडे आहे, हे त्या आठवड्यात सगळ्यांना कळले.

५ जून १९९८ रोजी अमेरिकी वाणिज्य खात्याने श्वेतपत्रिका काढली. तिच्यात चार तत्त्वे होती : स्थैर्य, स्पर्धा, खालून वर जाणारा खासगी समन्वय आणि प्रतिनिधित्व. नवी ना-नफा संस्था अमेरिकेत असेल, पण ती सरकार स्थापन करणार नाही, संबंधितांनी सहमतीने पुढे आणावी, असे तिच्यात म्हटले होते. नोंदणी कंपनीचा सरकारशी असलेला करार ३० सप्टेंबरला संपत होता, म्हणजे हाती चार महिनेही नव्हते. सहमती झाली हे कोण ठरवणार, याबद्दल श्वेतपत्रिकेत काहीच नव्हते. पुढचा सगळा गुंता या एका मौनातून झाला.

ही पोकळी भरण्यासाठी वेगवेगळ्या व्यापारी व तांत्रिक संघटनांनी मिळून बैठकांची मालिका आखली. बॉस्टनमधील कायद्याच्या एका प्राध्यापिका अध्यक्षस्थानी होत्या. कोणत्याही गटाशी बांधील नसल्यामुळे त्यांच्यावर बहुतेकांचा विश्वास होता. जिनिव्हाची बैठक इंटरनेटविषयक वार्षिक परिषदेला जोडून झाली, त्यामुळे युरोपातले तंत्रज्ञ आयतेच शहरात होते. ट्रेडमार्कच्या वादांवर शिफारशी करण्याचे काम श्वेतपत्रिकेने ज्या जागतिक संस्थेकडे सोपवले होते, तिचे मुख्यालयही तिथेच. नवी संस्था अमेरिकी कायद्याखाली असावी याबद्दल युरोपीयांच्या मनात शंका होत्या, आणि वर्षभरापूर्वी याच शहरात झालेल्या सह्यांचे काय झाले, हे कुणी विसरले नव्हते.

या बैठकांत मतदान नसे. वेगवेगळ्या खोल्यांत गट बसत, ज्यावर कुणाचा ठाम विरोध नाही असे मुद्दे नोंदवत आणि ते पूर्ण सभेपुढे ठेवत. ही पद्धत अगदी निर्दोष नव्हती. ज्याला विमानाचे तिकीट परवडले तोच खोलीत होता. नोंदणी करणारे, सेवा पुरवणारे आणि वकील यांचीच संख्या जास्त. तरीही एकमेकांचे मसुदे हाणून पाडणारे लोक इथे एका टेबलाशी बसले, आणि चार खंडांत मिळून सहमतीच्या मुद्द्यांची एक लेखी नोंद तयार झाली. या विषयावर एवढे खुलेपण तोवर कधीच दिसले नव्हते.

चारही ठिकाणचे मुद्दे एकत्र करून एकच मसुदा पक्का करायचा, यासाठी सप्टेंबरमध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या आश्रयाने समारोपाची बैठक घ्यायची असे ठरत होते. रूटची यादी सांभाळणाऱ्या, त्याच शास्त्रज्ञाच्या कार्यालयाने तिला नकार दिला. आम्ही उपविधींचे मसुदे एकामागून एक जाहीर करत आहोत, चारही बैठकांतले मुद्दे त्यांत घेत आहोत, सूचना सगळ्यांसाठी खुल्या आहेत. मग एका खोलीतल्या मोजक्या लोकांनी शेवटचा शब्द का उच्चारावा, असा त्याचा मुद्दा होता. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. पण त्याच सुमारास या कार्यालयाची नोंदणी कंपनीशी थेट बोलणी चालू होती आणि सप्टेंबरच्या मध्यावर दोघांचा संयुक्त मसुदा बाहेर आला. ज्यांच्या हाती आधीच सत्ता होती, त्या दोघांनीच नव्या सत्तेचा आराखडा ठरवला. समारोपाची बैठक रद्द झाली.

आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थेत मुख्य प्रवर्तक आणि बिल्डर यांनी उपविधी आपापसात ठरवून नोंदणी करून आणावी आणि पहिली सर्वसाधारण सभा नंतर कधीतरी घेऊ म्हणावे, तसे हे होते. कागदोपत्री चूक नाही, पण सभासदांच्या मनात पहिल्या दिवसापासून अढी.

बैठक रद्द होऊनही काही जण बॉस्टनमध्ये जमले आणि त्यांनी संयुक्त मसुद्यातल्या त्रुटी दुरुस्त करून स्वतंत्र प्रस्ताव तयार केला. संचालकांना जाब कोण विचारणार आणि सभासद असणार की नाही, हेच त्यांचे मुख्य आक्षेप होते. ३० सप्टेंबरला आयकॅनची कॅलिफोर्नियात नोंदणी झाली. अंतरिम मंडळावर नऊ नावे होती आणि ती कोणत्याही जाहीर प्रक्रियेतून आलेली नव्हती. १६ ऑक्टोबरला, सगळ्यांचा ज्याच्यावर भरवसा होता तो शास्त्रज्ञ वारला. आता संस्थेची विश्वासार्हता तिच्या नियमांवरच उभी राहणार होती आणि ते नियम वादग्रस्त होते. चार दिवसांनी वाणिज्य खात्याने आयकॅनला पत्र लिहून टीकाकारांशी, बॉस्टनच्या गटाशीही, चर्चा करायला सांगितले. नोव्हेंबरमध्ये उपविधींत बदल झाले, सभासदत्वाची तरतूद आली आणि २५ नोव्हेंबरला सरकारशी करार झाला. बॉस्टनचे आक्षेप निराधार नव्हते, हे या बदलांतून दिसते.

मार्च १९९९च्या सिंगापूर बैठकीत हे सगळे पहिल्यांदा जाहीरपणे चालवून पाहिले गेले. सरकारांच्या सल्लागार समितीची पहिली बैठकही तेव्हाच झाली. वापरकर्त्यांनी निवडायच्या नऊ जागांपैकी पाच जागांसाठी २०००मध्ये जगभर ऑनलाइन मतदान झाले आणि सुमारे ३४ हजार लोकांनी मत दिले. बॉस्टनच्या गटातला एक जण उत्तर अमेरिकेच्या जागेवर निवडून आला. संचालक असूनही संस्थेची आर्थिक कागदपत्रे पाहायला त्याला न्यायालयात जावे लागले, आणि २००२मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. त्याच वर्षी सुधारणांच्या नावाखाली थेट निवडणूक रद्द करून नामनिर्देशन समिती आणली गेली. मतदारांची संख्या कमी होती आणि काही देशांत गठ्ठ्याने नोंदणी झाली, ही त्यामागची कारणे खोटी नव्हती. पण प्रक्रिया दुरुस्त करायची सोडून तीच मोडीत काढली गेली.

नंतरच्या वर्षांत वाद सरकारांकडे सरकला. २००३ची जिनिव्हा आणि २००५ची ट्युनिस येथील जागतिक शिखर परिषद, रूटवरच्या अमेरिकेच्या विशेष अधिकारावर विकसनशील देशांचे आक्षेप आणि २०१४मध्ये तो अधिकार सोडण्याची अमेरिकेची घोषणा, हा भाग बऱ्यापैकी परिचित आहे. या काळात देवनागरीतले .भारत २०१४मध्ये मराठीसह आठ भाषांसाठी खुले झाले. अमेरिका बाजूला होणार म्हटल्यावर मंडळाला जाब कोण विचारणार, हा १९९८चाच प्रश्न पुन्हा टेबलावर आला. उत्तरदायित्वावर काम करणाऱ्या गटाने समुदायालाच कायद्याच्या अर्थाने एकमेव सभासद करण्याचा प्रस्ताव मांडला. मंडळाने हरकत घेतली आणि तडजोड झाली : समुदायाला सभासदत्व मिळाले नाही, संचालक नेमण्याचा व काढण्याचा अधिकार मिळाला. १ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकी सरकारशी असलेला करार संपला आणि त्यानंतरची आयकॅनची पहिली बैठक नोव्हेंबरमध्ये हैदराबादला झाली.