‘मिंगस आ अम’ : मूळ तबकडी कोणती?

येत्या रविवारच्या बैठकीत ‘मिंगस आ अम’ ही अमेरिकन बेसवादक चार्ल्स मिंगसची जाझ तबकडी ऐकायचं ठरलं आणि तिथल्या तिथे वाद निघाला. तबकडी १९५९ साली बाजारात आली तशी ऐकायची, की स्टुडिओत वाजली तशी? सोलापुरात जाझ ऐकणारे आम्ही दहा-बारा जण. त्यातही दोन तट पडले. ही पार्श्वभूमी त्या वादासाठी लिहितो आहे, म्हणून बाकीचं थोडक्यात उरकतो.

आधी नाव. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ते चटकन कळेल. आपण ‘शुभः शुभा शुभम्’ घोकायचो, तशी लॅटिन शिकणारी मुलं विशेषणाची तिन्ही लिंगं ‘अस, आ, अम’ अशी घोकतात. चार्ल्स मिंगसच्या आडनावात ‘अस’ आहेच. पुढचे दोन प्रत्यय जोडले आणि तबकडीचं नाव झालं.

बेस म्हणजे जाझमधलं खर्जाचं, उभं, मोठं तंतुवाद्य. बेसवादकाने पुढारपण करणं तेव्हा अगदी नवीन राहिलं नव्हतं. पियानोवादक ड्यूक एलिंग्टनच्या जाझ ताफ्यात १९३९ मध्ये आलेल्या जिमी ब्लँटनने बेसला ठेक्यातून बाहेर काढून गाणारं वाद्य केलं, आणि १९४२ मध्ये, अवघ्या २३ व्या वर्षी, क्षयाने तो गेला. मिंगस त्याच वाटेवरचा. १९५२ मध्ये तर त्याने एका नामांकित ड्रमवादकाच्या साथीने स्वतःची छोटी रेकॉर्ड कंपनीही उभी केली होती. पण या तबकडीत बेसचे लांबलचक सोलो शोधू नयेत. नऊच्या नऊ रचना त्याच्या आहेत, हे पुढारपण. त्या काळात लिहिलेला कागद तो शक्यतो टाळायचा. पियानोवर वाजवून, गाऊन दाखवून प्रत्येकाकडून जागा बसवून घ्यायचा, आपल्या भजनी मंडळात नवी चाल बसवतात तशी. म्हणूनच सगळे एकदम सुटतात तेव्हाही तो गलका वाटत नाही.

ध्वनिमुद्रण ५ आणि १२ मे १९५९ ला न्यूयॉर्कमधल्या ३० व्या रस्त्यावर, कोलंबियाच्या स्टुडिओत झालं. ही इमारत पूर्वी चर्चची. त्याच वर्षी, मिंगस तिथे येण्याच्या थोडं आधी, याच छताखाली ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही तबकडी ध्वनिमुद्रित झाली होती. ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ ही संथ रचना सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगसाठी आहे. तो १५ मार्चला गेला होता, म्हणजे दोन महिनेही उलटले नव्हते. ‘फेबल्स ऑफ फॉबस’मागचा फॉबस म्हणजे आर्कान्सा राज्याचा गव्हर्नर, ज्याने १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला नॅशनल गार्ड उभं केलं. या तबकडीत त्या रचनेला शब्द नाहीत. शब्दांसह ती १९६० मध्ये दुसऱ्या, लहान कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झाली. मोठ्या कंपनीने शब्द नाकारले, की तोवर ते तयारच नव्हते, यावर दोन मतं आहेत. तो वाद मोठा आहे, इथे उघडत नाही.

आमचा वाद कात्रीचा आहे. नऊपैकी सहा रचना तबकडीवर येण्याआधी कापल्या गेल्या. दुसऱ्या बाजूची पहिली रचना ‘बर्ड कॉल्स’ सहा मिनिटांहून जास्त वाजली होती, तबकडीवर ती तीन मिनिटांच्या थोडी पुढे आहे. ‘पुसीकॅट ड्यूज’ नऊ मिनिटांवरून साडेसहावर आली. सगळं मिळून साधारण ११ मिनिटांचं संगीत बाजूला राहिलं. काम ब्लेडचं: टेप खाचेच्या ठोकळ्यावर ठेवायची, तिरका छेद द्यायचा, मधला तुकडा काढायचा, दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. छेद ठेक्यावर अचूक बसला तर कानाला सांधा लागत नाही. इथे तो लागत नाही, हे मी मान्य करतो.

कापायचं कारण जागेचं. लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं आरामात बसतात. त्यापुढे गेलं की खाचा एकमेकींना खेटतात, मग आवाज बारीक ठेवावा लागतो. आणि सगळ्यात जास्त जागा खातो तो खर्ज. आमच्यातल्या एका काकांकडे ही तबकडी आहे. परवा ती खिडकीपाशी उजेडात भिंगाखाली धरली. झांजेच्या जागी खाच नुसती थरथरलेली, बारीक दातेरी. बेस येतो तिथे तीच खाच रुंद वळणं घेत जाते आणि शेजारच्या खाचेला लांब ढकलते. तबकडी कापणाऱ्या यंत्रात खर्ज आधी दाबून घेतात आणि वाजवताना अँप्लिफायर तो परत वाढवतो, तरीही ही वळणं दिसतात. ज्याच्या नावावर तबकडी, त्याचंच वाद्य तबकडीवर सर्वांत महाग पडतं.

आता शब्दाचा गुंता. दोन्ही तट ‘मूळ’ हाच शब्द वापरतात. काकांच्या मते मूळ म्हणजे जी लोकांच्या हातात आली ती. वीस वर्षं जगाने हीच ऐकली, हिच्यावरून पुढच्या पिढ्या वाजवायला शिकल्या. माझ्या मते मूळ म्हणजे त्या दोन दिवसांत खोलीत जे वाजलं ते. काकांनी मग आपल्याकडचा दाखला काढला: ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर बुजुर्गांनी तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा केला. त्याला आपण कापलेला म्हणतो का?

या दाखल्यावर दोन दिवस विचार केला. तो इथे लागू पडत नाही असं माझं मत झालं. त्या गायकाला तीन मिनिटं आहेत हे गाण्याआधी माहीत होतं. त्याने आलाप आवरला, तान कुठे घ्यायची ते ठरवलं, सम गाठून गाणं संपवलं. आटोपशीरपणा त्याच्या गळ्यातला होता. ‘बर्ड कॉल्स’मध्ये वादक सहा मिनिटांच्या हिशेबाने चढत गेले आणि चढणीचा मधला भाग नंतर दुसऱ्याने काढून घेतला. सुरुवातीचा पाखरांचा कलकलाट आहे, शेवटचाही आहे, पण एकातून दुसऱ्यापर्यंत पोचायला वादकांनी घेतलेला वेळ गेला. छोट्या आवृत्तीत ती रचना गंमत वाटते, पूर्ण आवृत्तीत धाप लागते.

पूर्ण टेपा सुदैवाने जपल्या गेल्या होत्या. कापलेले भाग १९७९ मध्ये एका दुहेरी तबकडीवर पहिल्यांदा बाहेर आले. पुढे सीडीवर आणि आता फोनवरही बहुधा पूर्णच आवृत्ती मिळते, त्यामुळे आमच्यातल्या तरुण मुलांना कात्रीची गोष्टच ठाऊक नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत २००३ साली या अल्बमची निवड झाली, तेव्हा दोन्ही आवृत्त्या चलनात होत्या.

१९७९ हेच मिंगसच्या मृत्यूचंही साल. ५ जानेवारीला मेक्सिकोत, ५६ व्या वर्षी. स्नायू निकामी करत नेणाऱ्या आजाराने हात गेले होते. शेवटच्या काळात तो नव्या रचना टेपरेकॉर्डरसमोर गाऊन ठेवायचा. त्याच्या इच्छेप्रमाणे पत्नीने अस्थी भारतात आणून गंगेत सोडल्या.

रविवारचं ठरलं ते असं. आधी काकांची तबकडी, दोन्ही बाजू, मध्ये न थांबता. मग ‘बर्ड कॉल्स’ आणि ‘पुसीकॅट ड्यूज’ पूर्ण. मला क्रम उलटा हवा होता, अजूनही हवा आहे, पण तबकडी त्यांची आहे. खोली सोलापूरच्या पूर्व भागातलीच. शेजारचे यंत्रमाग चालू असताना बेसच्या खालच्या तारा ऐकूच येत नाहीत, तेव्हा माग थांबल्यावर सुई ठेवू.