मूळ इमेज की ओव्हरले? यादीत दिसणाऱ्या दोन सारख्या फाइली

व्हर्च्युअल लॅबमधल्या, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये उभ्या केलेल्या राउटर-फायरवॉलच्या नेटवर्कमधल्या, डिस्क इमेजेसची यादी देणारं टूल लिहायला फार वेळ लागत नाही. डिरेक्टरी फिरायची, क्यूकाउ२ (क्यूएमू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या डिस्क-फॉरमॅटच्या) फाइली शोधायच्या, नाव आणि आकार छापायचा. अडतं ते डॉक्युमेंटेशन लिहिताना. ‘हे टूल उपलब्ध इमेजेस दाखवतं’ असं पहिलं वाक्य लिहिलं, तरी इमेज म्हणजे नेमकी कोणती हा प्रश्न उरतोच. लॅबमध्ये एकाच एक्स्टेन्शनच्या, पण अगदी वेगळ्या कामाच्या दोन फाइली असतात.

पहिली मूळ इमेज, म्हणजे बेस. राउटरची किंवा फायरवॉलची ऑपरेटिंग सिस्टिम बसवलेली डिस्क. ईव्ह-एनजी या लॅब चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती ‘ऑप्ट’खालच्या ‘युनेटलॅब’मध्ये, ‘ॲडऑन्स’मधल्या ‘क्यूएमू’ फोल्डरात राहते. तिथे नावाला फार महत्त्व आहे. फोल्डरच्या नावाची सुरुवात टेम्प्लेटच्या (त्या प्रकारच्या उपकरणाच्या साच्याच्या) नावाने आणि डॅशने व्हावी लागते. आतल्या फाइलचं नाव ‘एचडीए’ की ‘व्हर्टिओए’ यावरून डिस्क कोणत्या प्रकारे जोडायची ते ठरतं. नाव चुकलं तर फाइल डिस्कवर असते, तुमच्या यादीतही दिसते, पण नोड, म्हणजे लॅबमधलं एकेक उपकरण, जोडायच्या मेनूत त्या टेम्प्लेटपुढे ‘मिसिंग’च राहतं. म्हणून यादीत असणं आणि वापरता येणं एक नव्हे, हे डॉक्युमेंटेशनमध्ये सरळ लिहावं.

दुसरी फाइल ओव्हरले. नोड पहिल्यांदा सुरू केला की बेसवर आधारलेली एक नवी क्यूकाउ२ फाइल तयार होते. नोड जे काही लिहितो ते हिच्यात जातं. जे ब्लॉक (डिस्कचे छोटे तुकडे) अजून बदललेले नाहीत ते बेसमधून वाचले जातात. एकाच इमेजचे दहा राउटर उभे केले तर बेस एकच, ओव्हरले दहा. ईव्ह-एनजीमध्ये हे ओव्हरले ‘टीएमपी’ फोल्डरात लॅब आणि नोडनुसार पडतात, आणि नोड ‘वाइप’ (पुसून कोरा) केला की उडतात.

आकाराचा घोळ इथूनच सुरू होतो. फाइलची माहिती देणारी ‘क्यूएमू-आयएमजी इन्फो’ ही कमांड दोन आकडे देते: व्हर्च्युअल साइझ (नोडला दिसणारा डिस्कचा आकार) आणि डिस्क साइझ (फाइलने खरोखर घेतलेली जागा). ८ जीबीच्या बेसवरचा ताजा ओव्हरले डिस्कवर जेमतेम २०० केबी जागा घेतो, पण त्याची व्हर्च्युअल साइझ ८ जीबीच दिसते. टूलने व्हर्च्युअल साइझचीच बेरीज केली तर दहा नोडांचे ८० जीबी होतात आणि वाचणारा उगाच नवी डिस्क शोधायला लागतो. कॉलमला नुसतं ‘आकार’ म्हणू नये, दोन्ही आकडे वेगळे दाखवावेत.

खरा फरक कळतो तो पुसताना. ओव्हरले पुसला तर त्या एका नोडवर सेव्ह केलेली कॉन्फिग (सेटिंग्ज) गेली; नोड बेसच्या स्थितीतून पुन्हा सुरू होतो. बेस पुसली तर तिच्यावरचे सगळ्या लॅबमधले ओव्हरले निकामी होतात, कारण त्यांच्याकडे फक्त बदल आहेत. बेस दुसरीकडे हलवणं त्यामानाने सौम्य: ओव्हरलेमध्ये बेसचा पाथ नोंदलेला असतो, आणि मजकूर तोच असेल तर ‘क्यूएमू-आयएमजी’च्या ‘रीबेस’ कमांडला ‘यू’ पर्याय देऊन नुसता पाथ दुरुस्त करता येतो. सर्वांत वाईट म्हणजे ओव्हरले शाबूत असताना बेसमध्येच काहीतरी लिहिणं. लगेच एरर येईलच असं नाही. जुने ब्लॉक आणि नवे ब्लॉक मिसळतात आणि फाइलसिस्टिम कधीतरी पुढे फुटते. स्वतःची इमेज बनवताना वापरली जाणारी ‘कमिट’ कमांड नेमकं हेच करते, ओव्हरलेमधले बदल बेसमध्ये उतरवते. त्या बेसवर दुसऱ्या नोडांचे ओव्हरले असतील तर आधी ते वाइप करावेत.

मग टूलने दोघांना ओळखायचं कसं? जागेवर पूर्ण भिस्त ठेवू नये. जीएनएस३ या दुसऱ्या लॅब सॉफ्टवेअरमध्ये ‘लिंक्ड बेस व्हीएम’ (मूळ इमेज न बदलता वर ओव्हरले वापरायचा पर्याय) याची खूण काढली की नोड मूळ फाइलवरच लिहू लागतो, म्हणजे ‘इमेजेस’ फोल्डरातली फाइलही कोरी राहत नाही. ‘इन्फो’मधली ‘बॅकिंग फाइल’ची ओळ अधिक भरवशाची: ती असेल तर फाइल दुसऱ्या कशावर तरी टेकलेली आहे. मात्र ती नसली म्हणून फाइल पुसायला मोकळी आहे असं नाही. तिच्यावर कोण टेकलंय हे तिच्यात लिहिलेलं नसतं; त्यासाठी बाकीच्या सगळ्या फाइलींच्या साखळ्या तपासाव्या लागतात. शिवाय क्यूएमू २.१० पासून चालू नोडच्या डिस्कला लॉक लागतं, आणि साधी ‘इन्फो’ कमांड तिथे अडते. ‘फोर्स-शेअर’ हा पर्याय दिला की वाचता येतं, पण नोड त्याच वेळी लिहीत असल्यामुळे मिळालेली माहिती जुनी किंवा विसंगत असू शकते.

म्हणून माझ्या मते अशा यादीत ‘कशावर आधारित’ आणि ‘यावर किती आधारित’ हे दोन कॉलम आकाराच्याही आधी हवेत. दुसरा कॉलम भरायला वेळ लागतो, तेव्हा तो मागितला तरच दाखवला तरी चालेल. पण टूलला पुसायचा पर्याय असेल, तर ती मोजणी केल्याशिवाय तो चालू देऊ नये.