ज्वालामुखी गप्प, बाजार मात्र हादरला

मे 1982. कॅलिफोर्नियातल्या मॅमथ लेक्समध्ये ना राख उडाली, ना लाव्हा वाहिला. तरी घरांचे सौदे अडले, पर्यटक रोडावले आणि बर्फावरच्या खेळांवर पोट भरणारं ते गाव धास्तावलं. निमित्त एका सरकारी सूचनेचं.

गाव वसलंय लाँग व्हॅलीत, सुमारे 7,60,000 वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकानंतर जमीन खचून तयार झालेल्या अवाढव्य खळग्याच्या काठाशी. 18 मे 1980 रोजी वॉशिंग्टन राज्यातला माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखी फुटला. आठवड्याभरातच लाँग व्हॅलीला 6 रिश्टरच्या आसपासचे चार भूकंप बसले. मोजणी केली तर खळग्याचा मध्यभाग साधारण 25 सेंटिमीटर वर आलेला! अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने मग ज्वालामुखीच्या संभाव्य धोक्याची सूचना तयार केली, तीन पायऱ्यांतली सर्वांत खालची. पण ती स्थानिक अधिकाऱ्यांच्या हाती पडण्याआधीच वर्तमानपत्रात छापून आली, आणि ‘शक्यता आहे’चं ‘आता फुटणार’ झालं. त्या वर्षी कर्जाचे व्याजदरही चढे होते, त्यामुळे सगळं खापर त्या बातमीवर फोडणं बरोबर नाही. पण गावकऱ्यांचा राग शास्त्रज्ञांवरच निघाला.

शास्त्रज्ञ ठामपणे का सांगत नाहीत? जमीन फुगते ती कधी शिलारस वर सरकल्याने, कधी नुसत्या तापलेल्या पाण्याच्या आणि वायूंच्या दाबाने. वर निघालेला शिलारसही पुष्कळदा वाटेतच अडकतो आणि तिथेच थिजतो. म्हणून भूकंप, फुगवटा आणि वायू हे तिन्ही एकत्र पाहावे लागतात. सल्फर डायऑक्साइड वाढला तर शिलारस वर आल्याचा संशय बळावतो. खोलवर असताना हा वायू बराचसा शिलारसात आणि भूजलात विरघळून राहतो. लाँग व्हॅलीत उद्रेक झाला नाही. पुढे 1989 मध्ये मॅमथ डोंगराखाली भूकंपांची मालिका झाली, त्यानंतर जमिनीतून कार्बन डायऑक्साइड झिरपू लागला आणि हॉर्सशू तळ्याकाठची झाडं मुळं गुदमरून उभ्या उभ्या वाळली.

बाजाराच्या धास्तीने इशारा दाबणं मात्र फार महागात पडतं. कोलंबियातल्या नेवाडो डेल रुइझ ज्वालामुखीचा धोक्याचा नकाशा ऑक्टोबर 1985 मध्ये तयार होता. त्यात आर्मेरो गाव चिखललोटाच्या वाटेवर दाखवलं होतं. नकाशा लोकांना घाबरवतो, धंदा बसवतो, अशी टीका झाली. 13 नोव्हेंबरच्या रात्री उद्रेकाने शिखरावरचं बर्फ वितळलं, चिखलाचा लोंढा अडीच तासांत आर्मेरोवर आला आणि एकट्या त्या गावात वीस हजारांच्या आसपास माणसं गेली.

मला तर वाटतं, अफवेला खरं खतपाणी मिळतं ते बातमी अर्धवट आणि उशिरा पोचल्याने. अमेरिकेत 2006 पासून ज्वालामुखीचा धोका किती हे सांगायला चढत्या क्रमाने हिरवा, पिवळा, केशरी आणि लाल असे ठरलेले रंग वापरतात, आणि ज्वालामुखी शांत असतानाही वेधशाळा नियमितपणे अहवाल काढते. ‘अमुक डोंगर फुटणार’ असा निरोप मोबाइलवर आला, तर जमीन विकायला किंवा सहल रद्द करायला धावण्याआधी त्या डोंगराचा आजचा रंग पाहावा. तो पिवळा झाला असेल, तर काय बदललं तेही वेधशाळेने सोबत लिहिलेलं असतं.