अरुंद हॉलसाठी टीपॉय : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दुकानात टीपॉय पाहण्यासाठी येणारे बहुतेक ग्राहक आधी वरच्या फळीवरून हात फिरवतात आणि मग किंमत विचारतात. हॉलच्या रुंदीचा विषय पुष्कळदा टीपॉय घरी पोहोचल्यानंतर, कुणाच्या तरी नडगीला त्याचा कोपरा लागल्यावर निघतो. डोंबिवली, कल्याण, ठाणे किंवा पुण्याच्या उपनगरांतील वन बीएचके घरांत हॉलची लांबी बऱ्यापैकी असली, तरी रुंदी पुष्कळदा 9 ते 10 फूटच असते आणि मुख्य दारापासून स्वयंपाकघराकडे किंवा गॅलरीकडे जाण्याची वाट त्याच हॉलमधून जाते. अशा हॉलमध्ये टीपॉयची निवड त्या वाटेपासून सुरू करावी, असे आमचे मत आहे आणि हे पत्रक त्याच क्रमाने लिहिले आहे.

मोजमाप

बिल्डरच्या नकाशावरील आकडे कृपया वापरू नयेत. गिलावा, स्कर्टिंग आणि नंतर बसवलेले पॅनेलिंग यांमुळे प्रत्यक्ष रुंदी कमी भरते. सोफा जिथे आहे तिथेच टेप लावून भिंतीपासून भिंतीपर्यंतचे माप घ्यावे. त्यानंतर सोफ्याची खोली मोजावी, मात्र ती भिंतीपासून गादीच्या पुढच्या कडेपर्यंत मोजावी, कारण स्कर्टिंगमुळे किंवा पडद्यामुळे सोफा भिंतीला कधीच पूर्ण चिकटत नाही आणि तिथे सहज 2 इंच जातात. शेवटी समोरच्या टीव्ही युनिटची खोली मोजावी आणि त्याचे खण बाहेर ओढून उघडत असतील, तर ते उघडल्यावर किती पुढे येतात हेही पाहावे.

उदाहरणादाखल 10 फुटी, म्हणजे 120 इंच रुंदीचा हॉल घेऊ. भिंतीलगतच्या फटीसह सोफ्याचे 36 इंच आणि टीव्ही युनिटचे 16 इंच वजा केल्यावर 68 इंच उरतात. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे पाय नीट मावावेत आणि कपही हाताशी यावा, यासाठी सोफा आणि टीपॉय यांच्यात 15 इंच ठेवले, तर उरतात 53. टीपॉयच्या पलीकडून ये-जा होणार असल्याने तिथे किमान 30 इंच मोकळे हवेत, कारण हातात पाण्याची कळशी किंवा कपड्यांची बादली घेतलेला माणूस त्याहून कमी जागेत अंग चोरून चालतो. म्हणजे टीपॉयच्या वाट्याला 23 इंच येतात. आम्ही अशा हॉलसाठी 20 इंच रुंदी सुचवतो आणि वरचे 3 इंच वाटेला देतो.

हॉल 9 फुटी असेल, तर हाच हिशेब फार आवळतो. सोफ्यापुढचे अंतर 14 इंचांवर आणले आणि वाट 26 इंचांची ठेवली, तर टीपॉयसाठी 16 इंच मिळतात. ही रुंदी कमी वाटली, तरी चार कपांचा नेहमीचा ट्रे तिच्यावर व्यवस्थित बसतो. त्याहून अरुंद हॉलमध्ये मधोमध टीपॉय ठेवूच नये, असा सल्ला आम्ही देतो, जरी त्यात आमची एक विक्री जात असली तरी. तिथे सोफ्याच्या हाताशेजारी 12 ते 14 इंचांचा साइड टेबल ठेवावा किंवा ज्याचा तळ सोफ्याखाली सरकतो आणि फळी मांडीवर येते असा, बाजूने इंग्रजी सी अक्षरासारखा दिसणारा टेबल घ्यावा. दुसरा मार्ग म्हणजे टीव्ही भिंतीवर लावून त्याखालचे युनिट काढून टाकणे. सेट-टॉप बॉक्सपुरती 6 इंचांची फळी पुरते आणि हॉलला 10 इंच परत मिळतात.

आकडे कागदावर पटतात, पण अंगाला पटतीलच असे नाही. म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी ठरवलेल्या मापाचे वर्तमानपत्र फरशीवर चिकटपट्टीने लावावे आणि दोन दिवस त्याच्या बाजूने वावरावे. घरातल्या मंडळींचे पाय कागदावर पडत असतील, तर माप कमी करावे. सोफा-कम-बेड असलेल्या घरांनी हा प्रयोग बेड उघडून करावा. उघडलेला बेड हॉलचा बराचसा भाग व्यापतो आणि टीपॉय रोज रात्री उचलून बाजूला ठेवावा लागतो, त्यामुळे त्याचे वजन किंवा त्याची चाके हाच निवडीचा मुख्य निकष ठरतो. चाके घेतल्यास किमान दोन चाकांना लॉक असावे.

आकार, उंची आणि पाय

लांबी सोफ्याच्या सुमारे दोनतृतीयांश असावी. 6 फुटी सोफ्यासमोर 4 फुटांचा टीपॉय शोभतो, परंतु अरुंद हॉलमध्ये साडेतीन फूट अधिक सोयीचे, कारण सोफ्याच्या टोकाला बसलेल्या माणसाला उठून सरळ बाहेर पडता येते. उंची सोफ्याच्या गादीइतकी किंवा तिच्यापेक्षा इंच-दोन इंच कमी, म्हणजे साधारण 15 ते 17 इंच ठेवावी. टीव्हीसमोर बसून जेवण्याची सवय असेल, तर ते मोकळेपणाने सांगावे. त्यासाठी 18 ते 20 इंच उंची लागते आणि 16 इंचांच्या फळीवर समोरासमोर दोन ताटे मावत नाहीत.

लंबगोल किंवा गोलाई दिलेले कोपरे अरुंद जागेत फार उपयोगी पडतात, कारण वळताना माणसाचा पाय नेमका कोपऱ्यावरच जातो. लहान मूल असलेल्या घरी आम्ही चौकोनी कोपरे सुचवतच नाही. पूर्ण गोल टीपॉय मात्र लांबट हॉलमध्ये रुंदीच अधिक खातो. तो एल आकाराच्या सोफ्याच्या कोनात, 24 इंच व्यासाचा असल्यास चांगला बसतो.

टीपॉय हा शब्द तीन पायांच्या तिपाईवरून आला, आपल्या तिवईचाच तो भाऊबंद. पायांचा मुद्दा अजूनही तितकाच महत्त्वाचा आहे. खाली मोकळा असलेल्या टीपॉयखाली पावले सरकतात, त्यामुळे सोफ्यापासूनचे अंतर गरज पडल्यास 12 इंचांपर्यंत आणता येते. चारही बाजूंनी बंद, खणांच्या पेटीसारख्या टीपॉयला ही सवलत नाही. खण हवेच असतील, तर एकच उथळ खण घ्यावा. खालच्या फळीवर वर्तमानपत्रांची रद्दीच साठते, असा आमचा अनुभव आहे. तरीही ती हवी असल्यास जमिनीपासून 6 इंच वर घ्यावी, म्हणजे केरसुणी आणि पोछा आत जातो. बाहेरच्या बाजूला तिरके गेलेले पाय दिसायला नाजूक असले, तरी वाटेच्या बाजूला ठेच लागण्याचे ते हमखास कारण ठरतात.

साहित्य

काचेमुळे हॉल मोकळा दिसतो हे खरे आहे, पण संध्याकाळी दिवा लावण्यापूर्वी तिची कड दिसत नाही हेही तितकेच खरे आहे. काच घ्यायचीच असेल तर टफन केलेलीच घ्यावी. ती फुटली तर धारदार तुकड्यांऐवजी बारीक, बोथट खडे होतात. मात्र टफन केल्यानंतर ती कापता येत नाही, म्हणून माप आधीच पक्के करावे. 42 बाय 18 इंचांच्या, 10 मिलिमीटर जाडीच्या नुसत्या काचेचेच वजन सुमारे 12 किलो भरते.

संगमरवरावर लिंबू, चिंच किंवा कोकमाचे पाणी सांडले, तर आम्लाने दगडाची झिलई जाते आणि तो डाग पुसून निघत नाही. ग्रॅनाइट त्या मानाने सोशिक आहे. सागवान महाग असले तरी खरचटल्यास पुन्हा घासून पॉलिश करता येते. पावसाळ्यातील दमट हवेत भरीव लाकूड रुंदीच्या दिशेने किंचित फुगते, म्हणून अशी फळी सांगाड्याला सरकण्यास वाव ठेवून जोडावी लागते. ती घट्ट ठोकली तर उन्हाळ्यात चिरते. सनमायका लावलेले प्लायवुड रोजच्या वापराला उत्तम, परंतु त्याच्या चारही कडा पट्टीने बंद केलेल्या असाव्यात. स्वस्त पार्टिकल बोर्डाचे पाय रोजच्या ओल्या पोछ्याने तळाकडून फुगतात. कोणत्याही लाकडी पायाखाली नायलॉनची किंवा रबराची बटणे आम्ही वेगळे पैसे न घेता लावून देतो.

ऑर्डर देण्यासाठी येताना वर सांगितलेली तीन मापे, सोफ्याच्या गादीची उंची आणि मुख्य दारातून काढलेला हॉलचा एक फोटो सोबत आणावा. मुख्य दार आत उघडत असेल, तर त्याची पाती कुठपर्यंत येते याची खूण फरशीवर खडूने करून मग फोटो काढावा. पॉलिश केलेला टीपॉय घरी आल्यावर पहिले आठ दिवस त्याच्यावर गरम भांडे किंवा प्लास्टिकचे आच्छादन ठेवू नये, कारण पॉलिश पूर्ण कडक होण्यास तेवढा वेळ द्यावा लागतो.