समाजवादी उद्योजक (मराठवाडा)

समाजवाद मानणारा आणि तरीही स्वतःच्या मालकीचा कारखाना किंवा धंदा चालवणारा माणूस. कामगाराच्या श्रमातले वरकड मूल्य, म्हणजे मजुरी देऊन उरलेली कमाई, मालकाच्या गल्ल्यात जाते, हे ज्याला पटले आहे त्यानेच गल्ल्यावर बसायचे, हा यातला पेच. तो जुना आहे. फ्रेडरिक एंगेल्स 1864 ते 1869 मँचेस्टरच्या सूतगिरणीत भागीदार होते आणि मार्क्सच्या घरखर्चाला त्याच गिरणीचा पैसा जात असे. समाजवादी विचारांचे रॉबर्ट ओवेन यांनी स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या गिरणीत कामाचे तास कमी केले, 1816 मध्ये मुलांसाठी शाळा उघडली. गिरणी मात्र भागीदारांच्याच मालकीची राहिली.

मराठवाड्यात हा पेच उलट्या बाजूने आला. 17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली तेव्हा इथे नांदेडची उस्मानशाही मिल, कापसाचे काही जिनिंग, असा तुरळकच पसारा होता. भांडायला भांडवलदारच थोडे. त्यामुळे गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे डाव्या विचारांचे नेते रुंदमापी रेल्वे, पाणी आणि कारखाने मागत राहिले. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनातही रोजगाराची मागणी होती. उद्योग यावेत म्हणून मोर्चात चाललेल्याने पुढे छत्रपती संभाजीनगरजवळच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत शेड घेतली, तर त्याला दुटप्पी म्हणण्याची घाई करू नये.

सहकाराचा तोडगा सर्वांनाच सोयीचा वाटला: एक सभासद, एक मत. पण साखर कारखान्याचा सभासद म्हणजे ऊस लावणारा, तोडणारा नव्हे. बीडकडून मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन ऊसतोडीला निघालेले नवरा-बायको हिशेबात ‘एक कोयता’ असतात. या कोयत्याला वार्षिक सभेत मत नाही.

खासगी धंद्यात कसोटी लागते ती मस्टरवर, म्हणजे कामगारांच्या हजेरीपटावर. भविष्य निर्वाह निधीचा नियम 20 कामगारांपासून लागू होतो. एकोणीस जण झाले, काम वाढले. आता विसाव्याचे नाव मस्टरवर चढवायचे, की वेगळ्या वहीत रोजंदारीवाला म्हणून लिहायचे? भाषणात हा प्रश्न सहसा येत नाही. लातूरच्या दालमिलमध्ये तोच प्रश्न हमालीच्या रूपाने उभा राहतो. 1969 च्या माथाडी कायद्याखाली नोंद असलेल्या मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरलेली जादा रक्कम, माथाडी मंडळाकडे भरायची असते. फंड, बोनस वगैरे त्यातून भागते. लेव्ही चुकवून, पोती उतरल्यावर हमालाच्या हातावर चार रुपये जास्त टेकवणारा मालक दिलदार म्हणवला जातो. हमालाचा फंड कोरा राहतो. मालकाने संपत्ती समाजाचा विश्वस्त म्हणून सांभाळावी, या गांधीजींच्या कल्पनेवर समाजवाद्यांचा आक्षेप नेमका इथेच होता: सारे मालकाच्या मनावर. समाजवादी नेते राममनोहर लोहियांचा छोट्या यंत्रांचा आग्रह छोट्या कारखानदाराला जवळचा वाटतो, पण मस्टरचे उत्तर त्यातही मिळत नाही.

सुटे भाग करून देणाऱ्या वाळूजच्या छोट्या शेडमालकाची स्थिती आणखी अवघड. कामगारांपुढे तो मालक, मोठ्या कंपनीच्या खरेदी खात्यापुढे याचक. लघुउद्योगाचे बिल 45 दिवसांत चुकते करावे, असे 2006 चा कायदा सांगतो. कायद्यावर बोट ठेवले की पुढची ऑर्डर दुसऱ्या शेडला जाण्याची भीती. पगार मात्र सात तारखेच्या आत द्यावाच लागतो, मग तो बँकेच्या सीसीतून (कॅश क्रेडिट कर्जखात्यातून) उचलून वाटायचा. व्याज चालू असते, आणि त्याच संध्याकाळी तो बैठकीला गेला की जुने कार्यकर्ते हाक मारतात, “या, शेठ.”